शहराचं पाणी, रानाची माती आणि न शिजणारी डाळ



गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या, चहा झाला. निघता निघता एका काकूंनी विचारलं, "ताई, शहराचं सांडपाणी शुद्ध करून आमच्या चारीला सोडणार आहेत म्हणे. घ्यावं का?" झालं, लगेच दोन तट पडले. एकीचं म्हणणं, एप्रिलात विहिरीचा तळ दिसतो, फुकट पाणी मिळतंय तर नाही कशाला म्हणायचं. दुसरी म्हणाली, मी तर त्या पाण्यात पाय घालणार नाही. मी मात्र तिथे गप्प राहिले. माझ्याजवळचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात मावत नव्हतं. म्हणून आज रेडिओवर सांगते, आणि जरा लांबून सांगते. कारण हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी एका मोठ्या शहराला पडला होता. त्यांनी त्याचं उत्तर काढलं, शंभर वर्षं ते चालवलं, आणि त्याचं काय झालं ते आजही तिथल्या मातीत दिसतं.

पण आधी माझ्या माहेरची गोष्ट. माहेर शहराला लागून. शहराचा नाला आमच्या बांधाखालून वाहायचा. वडिलांनी त्यावर इंजिन बसवलं आणि आई त्या पाण्यावर कोथिंबीर, पालक, मेथी करायची. म्हशींसाठी एका तुकड्यात घास होता. युरियाची गोणी आमच्या घरात फारशी आलीच नाही, गरजच पडत नव्हती. पालकाचं पान तळहाताएवढं, काळंभोर हिरवं. आई पहाटे डोक्यावरून पाटी घेऊन मंडईत जायची आणि नऊ वाजता रिकामी पाटी घेऊन परत यायची. त्या पालकावर आमची शिक्षणं झाली, हे मी कधी विसरत नाही.

पंधरा-वीस वर्षांनी दोन गोष्टी घडल्या. रान पाणी पिईनासं झालं. दिलेलं पाणी वाफ्यात साचून राहायचं, आणि वाळलं की वर असा पोपडा धरायचा की खुरपं आपटावं लागायचं. आणि दुसरं म्हणजे आमच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजेना. साबणाला फेस येईना. आई म्हणायची, विहिरीला दृष्ट लागली. या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच होतं, पण ते मला कळायला आणखी बरीच वर्षं गेली. ते पुढे सांगते.

शहराची घाण रानात घालायची ही कल्पना आपल्याला परकी नाही. माणसाच्या मैल्याच्या खताला आपल्याकडे शब्दच आहे, सोनखत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पुणे नगरपालिकेचं सोनखत आसपासचे उसाचे बागायतदार विकत घ्यायचे. पण ते खत म्हणजे राख-माती मिसळून वाळवलेली, गाडीत भरता येणारी वस्तू. ते वाहून आणणाऱ्या माणसांना गावाने कसं वागवलं, ती वेगळी आणि लाजिरवाणी गोष्ट आहे, तिच्यावर एकदा स्वतंत्र बोलायला हवं. सोनखत रानात किती घालायचं ते शेतकरी ठरवायचा. पाणी आलं की गोष्ट बदलते. पाणी रोज येतं, पावसाळ्यातही येतं, आणि शहर जितकं वाढेल तितकं ते वाढतं. तुमच्या रानाला हवं की नको, हे ते विचारत नाही.

आता बर्लिनला जाऊ. जर्मनीची राजधानी. १८७१ साली तिथे आठ लाखांवर माणसं राहत होती, आणि सहा-सात वर्षांत दहा लाख झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उघडी गटारं. घराघरातलं धुण्याभांड्याचं पाणी, मोरीचं पाणी, बरंचसं मैलापाणीही त्यातच. पिण्याच्या पाण्याचे आड घरांच्या अंगणात. पटकी आणि विषमज्वर अशा शहरात काय करत असतील ते मी सांगायला नको. लंडनमध्ये १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीचा इतका वास सुटला होता की पार्लमेंटचं काम चालवणं अवघड झालं. त्यांनी मोठी भुयारी गटारं बांधून घाण शहराच्या खालच्या अंगाला नेऊन सोडली, तिथून भरती-ओहोटी ती समुद्रात नेई. बर्लिनला समुद्र नाही. श्प्री नावाची नदी आहे ती लहान आणि संथ. तिच्यात दहा लाख माणसांची घाण सोडली असती तर नदीचंच गटार झालं असतं.

तिथे रुडॉल्फ फिरखॉव नावाचे मोठे डॉक्टर होते. ते शहराच्या सभेतही निवडून आले होते. गटारं बांधायची की मैला गाड्यांतून बाहेर न्यायचा, यावर वर्षानुवर्षं वाद चालला, त्यात त्यांनी चौकशी करून गटारांच्या बाजूने कौल दिला. आणि आराखडा केला जेम्स होब्रेख्त या अभियंत्याने. त्याचा भाऊ तेव्हा शहराचा महापौर होता, हेही खरं, पण काम मात्र चोख झालं. होब्रेख्तने शहराचे बारा भाग पाडले. प्रत्येक भागातलं पाणी उतारानं त्या भागातल्या सखल जागी आणायचं, तिथे वाफेच्या इंजिनावर चालणारे पंप बसवायचे, आणि जाड लोखंडी नळांतून ते शहराबाहेर, दूरच्या शेतांवर ढकलायचं. १८७३ साली शहराने या कामाला मंजुरी दिली, पुढच्याच वर्षी दक्षिणेकडची ओस्डॉर्फची जहागीर विकत घेतली, आणि १८७६ मध्ये पहिलं पाणी शेतात पडलं.

ही शेतं डोळ्यांसमोर आणा. नळ शेताच्या सगळ्यात उंच जागी उघडायचा. तिथून आधी हौदात, म्हणजे जाड गाळ खाली बसे. मग पाटाने एकसारख्या सपाट केलेल्या चौकोनी वाफ्यांत. प्रत्येक वाफा साधारण पाऊण एकराचा, चारी बाजूंनी बांध. वाफ्याच्या खाली जमिनीत नळ पुरलेले, मातीतून गाळून आलेलं पाणी त्यातून चरांत आणि चरांतून ओढ्यात. वर गवत, बीट, कोबी, ओट. गवताच्या वर्षाला पाच-सहा कापण्या निघत, आणि ते शहरातल्या दूधवाल्यांच्या गोठ्यांत जाई. शहराने हळूहळू चहूबाजूंच्या जहागिरी विकत घेतल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत दहा हजार हेक्टरांहून, म्हणजे पंचवीस हजार एकरांहून जास्त जमीन या पाण्याखाली होती. उत्तरेकडे तर शहराने या कामासाठी वसाहत वसवली आणि तिला अभियंत्याचंच नाव दिलं, होब्रेख्तस्फेल्डे. तिथे राबायला शहराच्या श्रमगृहातले लोकही आणत. भीक मागताना किंवा बेघर म्हणून धरलेली माणसं. कोणाच्या घाणीत कोण उभं राहतं, याचं उत्तर तिथेही आपल्यासारखंच.

हे सगळं वाईट होतं असं मात्र म्हणू नका. शहरातली रोगराई कमी झाली. नदी वाचली. वाळूचं नापीक रान हिरवं झालं. जपान, इजिप्त, रशियातल्या शहरांनी होब्रेख्तचा सल्ला घेतला. त्या काळच्या माणसांना यात काहीच खोट दिसली नाही. त्यांचा समज असा होता, माती चाळणीसारखी आहे, घाण वर राहते, स्वच्छ पाणी खाली जातं, आणि वर राहिलेलं पीक खाऊन टाकतं.

यातली चूक कळायला माती कसं धरते ते पाहावं लागेल. मी ते पंगतीच्या उदाहरणाने सांगते. मातीच्या बारीक कणांवर आणि कुजलेल्या पालापाचोळ्यावर, ज्याला आपण सेंद्रिय कर्ब म्हणतो, त्यावर पाट मांडलेले असतात असं समजा. चुना, मॅग्नेशियम, पालाश, सोडियम, जस्त, तांबं, कॅडमियम, शिसं असे पाहुणे पाण्याबरोबर येतात आणि या पाटांवर बसतात. चिकणमातीत पाट पुष्कळ, वाळूत अगदी थोडे. काही पाहुणे घट्ट बसतात, शिसं एकदा बसलं की सहसा उठत नाही. जस्त आणि कॅडमियम सैल बसतात. माती आंबट झाली, म्हणजे तिचा सामू उतरला, की ते उठतात आणि एक तर पिकाच्या मुळात शिरतात नाही तर पाण्याबरोबर खाली जातात. आणि एक पाहुणा असा आहे की त्याला बसायला पाटच नाही. तो म्हणजे नायट्रेट. मैल्यातला नत्र मातीतले जिवाणू नायट्रेटमध्ये बदलतात. पिकाने घेतला तेवढा घेतला, उरलेला पुढच्या पाण्याबरोबर सरळ विहिरीत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट नसावं असं आपलं मानक सांगतं, कारण वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाला असं पाणी पाजलं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, बाळ निळं पडतं. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून आणखी दाट होतं.

बर्लिनची माती वाळूची, म्हणजे मुळात पाट थोडे. पण गंमत अशी की सांडपाण्यानेच तिथे पाट वाढवले. मैल्यातला सेंद्रिय भाग वर्षानुवर्षं साचून वरच्या थरात कर्ब वाढला, जमीन काळी झाली. आणि त्याच पाण्यातून कारखान्यांचं, धातूला मुलामा देणाऱ्यांचं, रंगवाल्यांचं पाणीही येत होतं, कारण गटार सगळ्यांचं एकच होतं. शहर वीस लाखांचं झालं, त्याहून मोठं झालं, वाफ्यांवर पाण्याचा मारा वाढत गेला. काही ठिकाणी तर पुढे पीक घेणंच सोडलं आणि नुसतं पाणी जिरवायचं काम चाललं. जस्त, तांबं, शिसं, कॅडमियम त्या वरच्या काळ्या थरात बसत राहिलं. स्फुरदही साचला. नायट्रेट मात्र थांबला नाही, तो खालच्या पाण्यात आणि ओढ्यांत जात राहिला.

मग शुद्धीकरणाची नवी केंद्रं बांधली. उत्तरेकडे, बूख नावाच्या भागात, १९८५ साली शेतांना पाणी देणं बंद झालं. शहराला वाटलं, सुटलो. वाफ्यांचे बांध सपाट केले आणि तिथे झाडं लावली, लोकांना फिरायला रान व्हावं म्हणून. त्यातली पुष्कळ झाडं मेली.

या गोष्टीपाशी मी वाचताना बराच वेळ थांबले. पाणी होतं तोवर रान हिरवं आणि घाण पाणी बंद केल्यावर झाडं मेली, हे कसं? एक तर शंभर वर्षांच्या ओलीची सवय लागलेली ती जमीन, पाणी थांबताच भूजल खाली गेलं आणि वाळू कोरडी ठाक पडली. हरळीसारखं चिवट गवत माजलं, त्याने रोपांचं पाणी पळवलं. पण खरी मेख वेगळीच होती. सांडपाणी मातीचा सामू वर धरून ठेवत होतं. ते थांबल्यावर साचलेला कर्ब हवेशी कुजायला लागला, माती आंबट होत गेली, आणि ज्या पाटांवर धातू बसले होते ते पाटच मोडायला लागले. शंभर वर्षांत बसलेले पाहुणे उठून चालू लागले. काही झाडांच्या मुळांत, काही खालच्या पाण्याकडे. घाण बंद केली म्हणून जमीन आपोआप धुऊन निघाली नाही, उलट तिने धरून ठेवलेलं ती तेव्हा सोडू लागली.

त्यावर त्यांनी काय केलं? बांधकामांच्या खोदाईतून निघालेली चुनखडीयुक्त चिकणमाती ट्रकांनी आणून त्या वाळूत मिसळली. म्हणजे नवे पाट मांडले आणि चुन्याने सामू वर उचलला. काही भागात शुद्ध केलेलं पाणी पुन्हा सोडलं, म्हणजे रान अगदी कोरडं पडू नये. आज होब्रेख्तस्फेल्डेच्या त्या रानात गुरं आणि घोडे मोकळे चरतात, शहरातली माणसं सायकली घेऊन फिरायला येतात. भाजी मात्र कोणी लावत नाही.

पॅरिसचंही असंच. सीन नदीकाठच्या जेनव्हिये इथे १८६९ च्या सुमारास सुरुवात झाली, तिथल्या भाजीवाल्यांचा या पाण्यावर मोठा धंदा झाला. पुढे शतकाच्या अखेरीस पाणी पिएर्ले, आशेर या भागांत गेलं. तिथे पालक, कांद्याची पात, कोबी, सगळं पॅरिसच्या बाजाराला जायचं. शंभर वर्षांनी, २००० सालाच्या सुमाराला, सरकारने त्या जमिनींवर खाण्याची भाजी करायला बंदी घातली. कारण तेच, मातीत साचलेले धातू. आता तिथेही जंगल लावायचं चाललंय. ज्यांच्या पिढ्या भाजीवर जगल्या त्यांना बंदीच्या आदल्या दिवशी काय वाटलं असेल, ते मला आईच्या पाटीवरून कळतं.

पण ही दोन्ही शहरं थंड मुलखातली, वाळूवरची. आपली माती काळी, ऊन कडक. म्हणून आपल्याला जास्त शिकवण्यासारखी जागा मेक्सिकोत आहे. मेक्सिको शहर डोंगरांच्या मधल्या खोलगट जागेत वसलंय, त्यातून पाणी बाहेर काढायला १९०० साली एक मोठा कालवा पुरा झाला. तो उत्तरेकडच्या मेस्कीताल नावाच्या खोऱ्यात पाणी सोडतो. ते खोरं आपल्या माणदेशासारखं अवर्षणाचं. काही वर्षांतच तिथे त्या 'काळ्या पाण्या'वर शेती सुरू झाली, आणि वाढत वाढत नव्वद हजार हेक्टरांच्या घरात गेली. मका आणि घास, मुख्य ही दोन पिकं. ज्या रानात कुसळ उगवायचं तिथे मक्याची भरभराट झाली. त्या पाण्याला लोक वाईट म्हणत नाहीत, त्यांच्या लेखी ती गंगा आहे.

तिथल्या मातीचा अभ्यास क्रिस्टिना सीबे या विदुषींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं केलाय. दहा वर्षं पाणी घेतलेलं रान, पन्नास वर्षं घेतलेलं, ऐंशी वर्षं घेतलेलं, अशी रानं शेजारी शेजारी ठेवून त्यांनी मोजलं. जितकी वर्षं जास्त तितका कर्ब जास्त, आणि तितकेच धातूही जास्त. पण तिथली माती चिकण, सामू उदासीन ते चुनखडीकडे झुकणारा, त्यामुळे धातू बहुतेक वरच्याच थरात घट्ट बसलेले, मक्याच्या दाण्यात फार गेले नाहीत. आणि आणखी एक नवल झालं. वर्षानुवर्षं दिलेल्या पाण्याने भूजल इतकं वर आलं की खोऱ्यात नवे झरे फुटले. लोक ते पाणी पितात. मातीने ते पुष्कळसं गाळलेलं, पण त्यात क्षार आणि नायट्रेट चढलेले, कारण त्यांना मातीने अडवलं नाही.

त्या खोऱ्यातल्या मुलांच्या पोटात जंत इतर गावांपेक्षा जास्त सापडले, हेही तिथल्या पाहणीत आलं. कच्चं पाणी लावणाऱ्या घरांतली लहान मुलं सगळ्यात जास्त सोसत होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली सांगितलं की अशा पाण्यात लिटरमागे जंताचं एकापेक्षा जास्त अंडं नको. मेक्सिकोत कोथिंबीर, पालक, मुळा अशा कच्च्या खाण्याच्या भाज्यांना हे पाणी लावायला मनाई केली गेली. आपल्याकडे तर वाफ्यात अनवाणी बसून हाताने खुरपणारी बाई असते, आणि तिच्या मागे बांधावर तिचं रांगतं लेकरू. धातूचं दुखणं यायला वर्षं लागतात, जंताला एक हंगाम पुरतो.

अलीकडे त्या खोऱ्यात प्रचंड मोठं शुद्धीकरण केंद्र झालं, तेव्हा शेतकऱ्यांनीच कुरकूर केली. म्हणाले, आमच्या पाण्यातलं खत काढून घेता. आणि शास्त्रज्ञांनी वेगळा प्रश्न विचारला: आता कर्ब कमी येणार, तर आधी साचलेला कर्ब कुजून त्यातले धातू सुटतील का? बर्लिनची आठवण ठेवून विचारलेला प्रश्न आहे तो.

आता माझ्या आईच्या विहिरीकडे येते. आपल्या काळ्या मातीत पाट भरपूर, आणि त्यांवर मुख्यतः चुना बसलेला असतो. चुना बसलेला असला की मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, भुसभुशीत राहतात, पाणी खाली जातं. शहराच्या पाण्यात सोडियम खूप. तो येतो कुठून? मिठातून, आणि आपल्याच धुण्यातून. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो, म्हणजे सोडियमच. तो वर्षानुवर्षं येत राहिला की गर्दीने पाट बळकावतो आणि चुन्याला उठवतो. सोडियम बसलेली काळी माती ओली झाली की फुगते, कण सुटे होऊन भोकं बुजतात, वाळली की पोपडा. हे झालं वर. आणि उठलेला चुना गेला कुठे? पाण्याबरोबर खाली, विहिरीत. चुना-मॅग्नेशियम वाढलेलं पाणी म्हणजेच जड पाणी, त्यात डाळ शिजत नाही आणि साबण फेसत नाही. वरचा पोपडा आणि खालची न शिजणारी डाळ ही एकाच घटनेची दोन टोकं होती. दृष्टबिष्ट काही नव्हती. हे कळलं तेव्हा आई नव्हती, नाहीतर तिला सांगितलं असतं.

म्हणून माझं मत असं आहे, ते घरगुती सांडपाण्याच्या बाबतीत. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत धातू बर्लिनसारखे लवकर सुटायचे नाहीत, पण क्षार आणि सोडियम आपल्याला बर्लिनपेक्षा लवकर गाठतील. त्यांच्या वाळूत सोडियम धुऊन गेला, आपल्याकडे तो ठाण मांडून बसतो. जमीन निचऱ्याची नसेल तर जास्तच. त्याच नाल्यात कारखान्यांचं पाणी मिसळत असेल तर मात्र मी धातूंनाही तेवढीच भिते, त्यातून कॅडमियमला जास्त. पालेभाजी तो दाण्यापेक्षा जास्त उचलते. आणि ज्या बाईच्या अंगात लोह कमी तिचं शरीर कॅडमियम जास्त शोषून घेतं. जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीच्या पाण्यावर पिकलेला भात खाऊन हाडं ठिसूळ झालेल्या रोग्यांत बहुतेक बायकाच होत्या, पुष्कळ बाळंतपणं झालेल्या आणि वय झालेल्या. १९६८ साली तिथल्या सरकारने ते दुखणं प्रदूषणामुळे झालं असं मान्य केलं. आपल्या गटात तपासणीच्या दिवशी हिमोग्लोबिन किती जणींचं कमी निघतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मग 'शुद्ध केलेलं' पाणी म्हणजे काय? काकूंचा प्रश्न तोच होता. शुद्धीकरण केंद्रात घाण बसवतात, जिवाणूंकरवी कुजवतात, वास जातो, जंतू पुष्कळ कमी होतात, आणि शेवटी क्लोरीन घालतात. धातूंचा मोठा भाग गाळात जातो. पण पाण्यात विरघळलेलं मीठ, सोडियम, हे तसंच पुढे येतं. साध्या केंद्रात ते काढत नाहीत, काढायला फार खर्च आहे. पाणी आरशासारखं दिसलं तरी ते खारट असू शकतं. आणि गाळ 'खत' म्हणून कुणी देत असेल तर धातू त्यातच आहेत, हे लक्षात ठेवून आधी तपासणीचा कागद मागा. पुण्याचं शुद्ध केलेलं पाणी मुंढव्याहून उचलून जुन्या मुठा उजव्या कालव्यात सोडतात, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातही ही गोष्ट सुरू होऊन काही वर्षं झालीच आहेत. शहरं वाढतायत, धरणाचं पाणी ती घेतायत, आणि बदल्यात हे पाणी शेतीला देतायत. हा व्यवहार वाढतच जाणार. तेव्हा नाक मुरडून चालणार नाही आणि डोळे मिटून घेऊनही चालणार नाही.

घेतलंच तर चारा, ऊस, कापूस, फुलं, फळझाडं यांना द्यावं, कोथिंबीर-पालकाला नाही. मधूनमधून विहिरीचं किंवा पावसाचं गोडं पाणी भरपूर देऊन क्षार खाली धुवावेत, पण निचरा असेल तरच, नाहीतर ते परत वर येतात. पोपडा दिसू लागला तर माती तपासून जिप्सम घालावं, म्हणजे चुना परत पाटावर बसतो. वाफ्यात उतरताना गमबूट आणि हातमोजे. ते महाग वाटतात, पण गटाने एकदम घेतले तर परवडतात. आणि माती तपासणीचा जो कागद आपल्याला मिळतो, मृद आरोग्य पत्रिका, तिच्यात बारा गोष्टी असतात. सामू, क्षारता, कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. यात सोडियम नाही, कॅडमियम नाही, शिसं नाही. ते वेगळं सांगून, वेगळे पैसे भरून तपासावं लागतं. पण एक खूण त्या कागदावरच मिळते: तुमच्या रानात जस्त आणि तांबं शेजारच्या रानापेक्षा खूपच जास्त आलं, तर सांडपाण्याबरोबर आणखी पाहुणे आलेत का ते बघायला हवं.

काकूंना मी फोन करून एवढंच कळवलंय. येत्या बुधवारी कृषी विज्ञान केंद्रात जायचंय. येताना दोन पिशव्या माती आणा. एक चारीच्या कडेच्या रानातली, सात-आठ ठिकाणची एकत्र केलेली, वीतभर खोलीपर्यंतची. दुसरी, बांधावरच्या बाभळीखालची, जिला कधी कसलंच पाणी दिलेलं नाही. म्हणजे दोन्हींतला फरक आजच लिहून ठेवता येईल, पाणी यायच्या आधी. आणि विहिरीचं लिटरभर पाणी, स्वच्छ बाटलीत. बाटली आधी त्याच पाण्याने तीन वेळा विसळून घ्या.